मागून आलेले एकेचाळीस

चनमल्लप्पाची नोकरी जावी, त्याला त्याच्याच खिडकीबाहेरच्या बाकावर बसायला लागावं आणि आतून कुणीतरी दात कोरत त्याला "उद्या या" म्हणावं, एवढंच मी त्या एकोणीस दिवसांत देवाकडे मागितलं. आप्पा बरे व्हावेत हेही मागत होते, पण खोटं कशाला बोलू, ते मागणं दुसऱ्या नंबरवर गेलं होतं.

आप्पा म्हणजे माझे वडील, जोतिराम. मंगळवेढ्याच्या खाली, कर्नाटकाच्या हद्दीला लागून आमची वस्ती आहे. सव्वाशे मेंढरं आणि चार एकर माळ. मार्च महिन्यात आप्पांच्या उजव्या हातातून काठी गळायला लागली. हात अवघडला असेल म्हणून आईनं तेल चोळलं. मग एके दिवशी कळपाच्या मधोमध फेफरं येऊन पडले. मेंढरं भारतकाकाच्या गळ्यात घातली आणि आप्पांना सोलापुरात आणून डोक्याचा पहिला फोटो काढला, तर त्यात गाठ. ऑपरेशन करणारे डॉक्टर चांगले होते, त्यांनी आम्हाला समजेल असं सांगितलं. गाठ कुठवर पसरलीय ते एमआरआयमध्ये दिसेल, त्याशिवाय चाकू लावता येणार नाही. आणि हे दोन आठवड्यांच्या आत व्हायला हवं. नाहीतर हात गेला तसा पाय जाईल, मग वाचा जाईल, आणि मग त्यांच्याही हातात काही राहणार नाही.

सरकारी योजनेतून ऑपरेशन हवं तर स्कॅनही योजनेच्याच केंद्रावर व्हायला हवा, बाहेरचा चालत नाही, असा नियम. आणि त्या केंद्रावर तारखा द्यायला बसला होता चनमल्लप्पा.

माझी खोली सोलापुरातच, बाळे भागात. चिंचोळी एमआयडीसीत मी औषधाच्या बाटल्या पॅक करायला जाते. सुपरवायझरच्या हातापाया पडून मी दुपारची पाळी मागून घेतली, म्हणजे सकाळी केंद्रावर बसता येईल. कारण चनमल्लप्पाचा कायदा असा, की पेशंट रोज सकाळी आठला हजर पाहिजे. मशीन कधी मोकळं होईल सांगता येत नाही, नाव पुकारलं आणि माणूस नसला तर नंबर गेला. ज्या माणसाला धड उभं राहता येत नाही, त्याला आम्ही मायलेकी रोज रिक्षात घालून न्यायचो आणि दुपारी एकला तसंच परत आणायचो.

कारणं रोज ताजी. मशीन तापलंय. रंगाचं इंजेक्शन संपलंय. कार्डाची मंजुरी यायचीय. मंजुरी आलीय पण नेट बंद आहे. चनमल्लप्पा अक्कलकोटकडचा, अर्धं मराठी अर्धं कानडी बोलायचा. आईला कानडी येतं हे कळल्यावर तर त्यानं कारण द्यायचंही सोडलं. वहीतून मान वर न करता म्हणायचा, "नाळे, अव्वा, नाळे." उद्या, आई, उद्या. इतक्या गोडीनं म्हणायचा की पहिले चार दिवस आई त्याला "बरं हाय की लेकरा" म्हणून परत फिरायची. मला आईचाही राग यायचा.

आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, हे पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं. आम्ही आठपासून बसलेलो असायचो. साडेनऊच्या सुमाराला दारात गाडी थांबायची, इस्त्रीच्या कपड्यातलं कुणीतरी उतरायचं, चालू फोन खिडकीतून आत द्यायचं. चनमल्लप्पा फोनवर "हां साहेब, आपलाच माणूस" म्हणायचा आणि ते माणूस सरळ आत. पैसे घेत असेल असं लोक म्हणायचे, पण मी त्याला घेताना कधी बघितलं नाही. त्याला उपकार करायची हौस होती. कुणाचा मेहुणा, कुणाचा गाववाला, कुणा साहेबाची सासू. सोलापुरात चार मोठ्या लोकांनी आपल्याला नावानं हाक मारावी, एवढ्यासाठी तो आप्पांचे दिवस वाटत सुटला होता. त्यापेक्षा लाच खाणारा परवडला.

तारखांची वही तो पेन्सिलनं लिहायचा. दिवसभर खोडायचं, लिहायचं, पुन्हा खोडायचं आणि संध्याकाळी पाचला सगळ्यावर पेन फिरवायचं. माझ्या सुट्टीच्या दिवशी मी पाचपर्यंत बसले तेव्हा हे डोळ्यांनी बघितलं. पाचनंतर ती वही कुणीही बघावी, एकदम सोवळी.

त्या पाचव्या दिवशी परतताना मी रिक्षात चडफडत होते. म्हटलं, "तक्रार करायची तरी काय करायची? किती लोक घुसवले असतील त्यानं, कुणाला ठाऊक."

"नऊ," आई म्हणाली.

"काय नऊ?"

"आपल्या मागनं आली आन् आपल्या पुडं गेली, ती नऊ." मग तिनं आप्पांची मान नीट खांद्यावर घेतली आणि सांगायला लागली. "सोमवारी तीन. एक लंगडी, डाव्या पायानं लंगडती, हिरवं लुगडं, संगं चष्म्याचं पोरगं. एक टकलू, कानात केस. एक तरनी बाई, भुवया जुळल्याल्या, हातात निळी पिशवी. मंगळवारी दोन..."

आई शाळेची पायरी चढलेली नाही. पण आमच्यात मेंढरं मोजत नाहीत, बघतात. संध्याकाळी जाळीच्या कुंपणाच्या तोंडाशी आई उभी राहते आणि सव्वाशे मेंढरं तिच्या पायाशेजारून आत जातात. शेवटचं गेलं की ती म्हणते, "बांडी न्हाय आली," आणि बांडी खरंच ओढ्याला राहिलेली असते. लहानपणी मी तिला विचारलं होतं, सगळी सारखीच तर दिसतात, तुला कशी ओळखू येतात? ती उलट मलाच म्हणाली, "तुला मानसं सारखी दिसत्यात व्हय?"

त्या दिवसापासून मला काम मिळालं. रोज दुपारी रिक्षात आईनं सांगायचं आणि मी मागून म्हणायचं. चौदा झाले, बावीस झाले, तीस झाले. वार, कपडे, चेहरा, सोबत कोण, चनमल्लप्पाच्या चहाआधी आत गेले की चहानंतर. आरती पाठ करावी तसे मी ते लोक पाठ केले. ते सगळे आजारी होते हे मला मान्य आहे. त्यांच्याही घरी कुणीतरी रडत असेल. पण मला त्यांची दया आली नाही. तो कानात केस असलेला टकलू मला आजही रस्त्यात दिसला तर मी त्याला ओळखीन आणि माझं तोंड आवरणार नाही.

बाकावर आमच्या शेजारी गोजरमावशी बसायची. ती मोडनिंबची. तिची नात ऋतुजा एकोणीस वर्षांची, तिचं डोकं सारखं दुखायचं, उलट्या व्हायच्या आणि उजव्या डोळ्यानं दिसेनासं होत चाललं होतं. पहाटेच्या पहिल्या एसटीनं त्या दोघी यायच्या. गोजरमावशी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आणायची, आई कांदा काढायची. आठवडाभरात त्या दोघी अशा झाल्या होत्या की कुणाला वाटावं सख्ख्या जावा. आमच्यासारखंच त्यांनाही रोज नाळे. फक्त त्यांच्याकडे एक चिठ्ठी होती. गोजरमावशीनं खिडकीवर रडून भेकून ती मिळवली होती. गुरुवार, सकाळी आठ, नंबर एक. ती चिठ्ठी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पोलक्यात ठेवायची.

सोळाव्या दिवशी आप्पांना बाकावरच फेफरं आलं. डोकं फरशीवर आपटायच्या आत गोजरमावशीनं ते मांडीवर घेतलं आणि तिच्या लुगड्यावर फेस सांडला. मी खिडकीकडे धावले. चनमल्लप्पानं मान वाकडी करून बाकाकडे बघितलं.

"फिट आली की त्या दिवशी आत घेता येत न्हाय. पेशंट हलतो, फोटो हलतो. नाळे या," तो म्हणाला आणि त्यानं बशीत चहा ओतला.

ती बशी त्याच्या तोंडावर का नाही मारली, याची मला आजही चुटपुट लागते. त्या क्षणी मी ठरवलं की हा माणूस इथून जायला पाहिजे. नुसता ओरडा खाऊन नाही. सगळ्यांसमोर, मान खाली घालून, आणि त्याला कळायला पाहिजे की हे कुणी केलं. दुसऱ्या दिवसापासून आप्पांचा उजवा पाय फरफटायला लागला. डॉक्टर म्हणाले होते तसंच, हातानंतर पाय.

त्याच आठवड्यात केंद्राला नव्या मॅडम आल्या. वरच्या मजल्यावर बसायच्या. त्यांनी दारावर पाटी लावली, तक्रारी दुपारी तीन ते चार. बाई कडक आहे, ऐकून घेते, असं सफाईवाल्या बायका सांगत होत्या. मी बुधवारी, म्हणजे अठराव्या दिवशी, आईला घेऊन खिडकीवर गेले.

"साहेब, आम्ही आज तीनला वर मॅडमकडे जाणार."

"जावा की," चनमल्लप्पा म्हणाला. "काय सांगनार?"

"आई सांगेल. सांग गं."

आईनं पदर डोक्यावर घेतला आणि सुरू केलं. लंगडी, हिरवं लुगडं, सोमवार, च्या प्यायच्या आदी. टकलू, कानात केस. भुवया जुळलेली. मागे रांगेतले लोक पुढे सरकले. कुणीतरी म्हणालं, व्हय व्हय, त्यो टकलू मला बी आठवतोय. अकराव्या माणसाला चनमल्लप्पानं धाडकन खिडकी लावली. चोराच्या मनात चांदणं. दोन मिनिटांनी बाजूचं दार उघडलं आणि त्यानं आम्हाला आत बोलावलं. आप्पांनाही धरून न्यायला लावलं.

आत त्याची भाषाच बदलली. अव्वा बसा, पानी घ्या. मग म्हणाला, "उद्या सकाळी आठ. पयला नंबर तुमचा. उद्या तीन दिवसांचं काम एका दिवसात करून देतो, रिपोर्ट दुपारपर्यंत डॉक्टरच्या हातात. पन वर जायचं न्हाय."

मी थुंकायला पाहिजे होतं. मी आप्पांकडे बघितलं. त्यांच्या तोंडातून लाळ गळत होती आणि आई पदरानं पुसत होती. मी म्हटलं, "आत्ता वहीत लिहा. माझ्यासमोर."

त्यानं गुरुवारचं पान उघडलं. पहिल्या नंबरवर आधीच नाव होतं. समोरून उलटं दिसत असूनही मी ते वाचलं. ऋतुजा, मोडनिंब. चनमल्लप्पानं खोडरबर हातात घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. त्याला माहीत होतं की मी वाचलंय. "लिहू का नको?" त्यानं विचारलं. आईला अक्षर येत नाही, ती आप्पांचं तोंड पुसत होती. मी काही बोलले नाही. त्यानं नाव खोडलं, फुंकर मारून कचरा उडवला आणि तिथं जोतिराम लिहिलं.

दगडाखाली हात सापडला की माणूस दगडाच्याच पाया पडतो. असं मी मनाला सांगितलं, आणि मनानं ते लगेच मान्यही केलं.

पण चनमल्लप्पा पक्का. तो आमच्याच बाजूचा, त्याला धनगराची नस माहीत. कागदावर अंगठा घेऊन उपयोग नाही हे त्याला कळत होतं. तो आईला म्हणाला, "पोरीचं सोड. सगळं तुझ्या डोक्यात हाय, अव्वा. तू भंडारा उचल. नवऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून."

आईच्या कमरेला बिरोबाच्या भंडाऱ्याची पिशवी कायम असते. तो हळदीचा भंडारा हातात घेऊन बोललेलं आमच्यात कुणी मोडत नाही. आजवर मोडलेलं मी ऐकलेलं नाही. तिनं चिमूट काढली, आप्पांच्या कपाळाला अंगठ्यानं लावली आणि डोक्यावर तळवा ठेवून म्हणाली, "मी बगितल्यालं माज्या तोंडातनं कुनाला सांगनार न्हाय. सांगितलं तर बिरोबा, ह्येच्यावरची सावली काढून घे."

चनमल्लप्पानं हात जोडले. वर, बिरोबाला.

गुरुवारी आठ वाजून दहा मिनिटांनी आप्पा आत गेले. इतकी साधी गोष्ट होती ती. एक नर्स आली, तिनं नाव घेतलं, दोन माणसांनी त्यांना गाडीवर झोपवलं. पाऊण तास मशीनचा धाडधाड आवाज येत होता आणि आई भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. मला रडू येत होतं, आनंदानं की कशानं, मला कळलं नाही.

आप्पांना बाहेर आणलं तेव्हा गोजरमावशी खिडकीसमोर उभी होती. हातात ती चिठ्ठी. आतून आवाज आला, "नाळे, अव्वा." ती वळली. गाडीवरच्या आप्पांकडे तिनं बघितलं, मग हातातल्या चिठ्ठीकडे. ऋतुजा तिच्या खांद्याला धरून उभी होती, एक डोळा झाकून.

"झालं व्हय ह्येंचं?" गोजरमावशीनं विचारलं.

"झालं बाई येकदाचं," आई म्हणाली. "तुमचं कवा हाय?"

"आज हुतं."

"आन् मग?"

गोजरमावशी माझ्याकडे बघत राहिली. मी आप्पांच्या शर्टाचं बटण लावायला घेतलं. ते लागत नव्हतं.

दुपारी बाराला डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली. आप्पांना तिथंच दाखल करून घेतलं, सोमवारी ऑपरेशन ठरलं. माणूस वाचेल, ते म्हणाले. पाय कदाचित परत येईल, हाताचं मात्र सांगता येत नाही. "दहा दिवस आधी आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती."

दहा दिवस. मी हिशोबच केला. दहा दिवसांपूर्वी एक घाऱ्या डोळ्यांची बाई आत गेली होती, आणि एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा, आणि त्याची सून नुसती सोबत आली होती तर तिचंही काढून घेतलं होतं. आप्पांचा हात त्या तिघांत वाटला गेला होता. ज्या हातानं ते मेंढरू उचलून खांद्यावर घ्यायचे, तो हात. माझ्या अंगाची लाही झाली. आणि त्याच्या खाली दुसरं काहीतरी जळत होतं, गोजरमावशीची नजर. मला त्या नजरेला उत्तर द्यायचं होतं. उत्तर म्हणून मला चनमल्लप्पा हवा होता.

शपथ आईनं घेतली होती. मी नाही. तिथंच तो चुकला. सगळं म्हातारीच्या डोक्यात आहे असं त्याला वाटलं, पण रिक्षात बसून मीही एकेचाळीस जण पाठ केले होते. तरी खोटं बोलणार नाही, मला भीती वाटत होती. मी बारावी शिकलेय, पण दाखल करून घेताना नर्सनं आप्पांच्या कपाळावरचा पिवळा डाग पुसायला कापूस घेतला तेव्हा मी तिचा हात धरला.

मी आईला सांगितलं, मी केंद्रावर मॅडमकडे चाललेय. आई म्हणाली, "मी बोलनार न्हाय."

"तू नको बोलू. नुसती सोबत चल."

पाळी बुडवून मी तीनला वर गेले. दाराबाहेरच्या बाकावर बसलो तर पाच मिनिटांनी जिन्यावरून गोजरमावशी ऋतुजाला धरून वर आली आणि आमच्या मागे बसली. आईनं सरकून जागा केली. गोजरमावशी उभीच राहिली.

मॅडम पन्नाशीच्या, साध्या सुती साडीतल्या. त्यांनी ऐकून घेतलं. मी सगळे एकेचाळीस सांगितले, वारासकट, एका दमात. आयुष्यात मला एवढं बरं कधी वाटलं नव्हतं. मध्येच त्यांनी शिपायाला पाठवून चनमल्लप्पाला वहीसकट वर बोलावलं. तो दारात आला, मला बघितलं, मग आईला बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला आणि मी तो उतरताना डोळे भरून बघितला.

पण तो सावरला. "मॅडम, हिला विचारा, हिनं सोताच्या डोळ्यानं बघितलं का?"

"पाहिलंत तुम्ही?" मॅडमनी विचारलं.

"काही मी. बाकीचे आईनं."

"गेल्या आठवड्यात मंगळवारी तीन गेले म्हनती ही. त्या मंगळवारी मशीन दिवसभर बंद. वहीत हाय, कंपनीचा माणूस आलेला हाय." तो आता हळू आणि अदबीनं बोलत होता. तो खरं बोलत होता. माझा मंगळवार आणि बुधवार एक झाला होता. आईचा कधीच झाला नसता.

मॅडम आईकडे वळल्या. "आजी, तुम्ही पाहिलंत का हे लोक?"

आई आपल्या पायांकडे बघत होती. कमरेची पिशवी तिनं मुठीत धरली होती. मॅडमनी पुन्हा विचारलं. आई हलली नाही.

"बघा मॅडम," चनमल्लप्पा म्हणाला.

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "तुम्ही लेखी द्या. आपण चौकशी करू." म्हणजे नाळे, आणखी काय. मला जमीन फाटली तर बरं असं झालं. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं होतं, आणि ते हसू मी आयुष्यभर बरोबर वागवणार होते.

तेव्हा गोजरमावशी दारातून आत आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"बाईसायेब, मला एकेचाळीस म्हाईत न्हाईत," ती म्हणाली. "मी एकच बगितलाय. आजचा." तिनं पोलक्यातून पिशवी काढली, पिशवीतून चिठ्ठी काढली आणि टेबलावर ठेवली. "आज पयला नंबर माज्या नातीचा हुता. हिचा बाप आत गेला." तिनं बोट केलं. चनमल्लप्पाकडे नाही, माझ्याकडे.

मॅडमनी चिठ्ठी वाचली. वहीत गुरुवारचं पान काढलं. पाच वाजायचे होते, पान अजून पेन्सिलचंच होतं. त्यांनी वही उचलून खिडकीशी नेली आणि उजेडात तिरकी धरली. नखानं पहिल्या ओळीवर घासलं. मग त्यांनी मागचं पान तिरकं धरलं, त्याच्या मागचं, त्याच्याही मागचं. चार-पाच पानं झाल्यावर त्या थांबल्या.

"मॅडम, ह्या पोरीनंच मला..."

"वही इथं ठेवा," मॅडम म्हणाल्या. "खिडकीच्या चाव्या पण ठेवा. उद्यापासून तुम्ही येऊ नका, पत्र घरी येईल."

त्यानं खिशातून जुडगा काढला. चाव्या टेबलावर वाजल्या. तो मान खाली घालून गेला, शिपायासमोरून, बाहेर बसलेल्या लोकांसमोरून. मी अगदी हेच मागितलं होतं, एवढंही कमी नाही आणि जास्त नाही. पण त्या वेळी मी त्याच्याकडे बघू शकले नाही, कारण मॅडम माझ्याकडे बघत होत्या.

"कुणाचं नाव खोडून तुमचं लिहिलं, ते तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय," मी म्हणाले. सोलापुरात आल्यापासून मी व्हय म्हणत नाही. तोंडातून तेच निघालं.

आईनं मान वर केली. अर्ध्या तासात पहिल्यांदा तिनं पायांवरची नजर काढली आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. पुन्हा कधी विसरायचं नाही अशा बारकाईनं बघितलं.

मॅडमनी खाली फोन लावला. मशीन चालू ठेवा, एक पेशंट पाठवतेय, आत्ता. गोजरमावशी ऋतुजाचा दंड धरून निघाली. ऋतुजाला दिसत नाही म्हणून दुसरा दंड धरायला आई पुढे झाली.

"नगं," गोजरमावशी म्हणाली. "आमी जातो."

त्या जिना उतरून जाईपर्यंत आम्ही वर उभ्या होतो. मला वाटलं, आई आता भंडाऱ्याचं काढेल, तू बोललीस, आता आप्पांचं काय होणार म्हणून रडेल. मी भांडायची तयारी करून ठेवली होती. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"तू बोललीस त्ये बरं केलंस," ती म्हणाली. "मी हुबी ऱ्हाऊन आयकत हुते. सकाळी गोजरबाईनं तुज्याकडं बगितलं तवाच मला कळलं हुतं. एकेचाळीस झाली तवा मला वाटलं, आता बेचाळिसावं, आपलं सांगशील. लई वाट बगितली मी."

आई जिना उतरायला लागली, कठड्याला धरून, एकेक पायरी. मी तिचा हात धरायला गेले तर तिनं तो सोडवून घेतला.